विमानातल्या पाट्या

छत्रपती संभाजीनगर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

इंद्रजीत, जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलं असशील, तर निम्मं काम झालं. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

वर गावाचं नवं नाव लिहिताना हात अजून अडखळतो. नाव बदललं तेव्हा सगळ्या शहराच्या पाट्या बदलल्या आणि त्यातली एकही माझ्या वाट्याला आली नाही. सगळ्या तुझ्या धंद्यातल्या लोकांनी मशीनवर छापल्या. असो.

मुद्द्याचं सांगतो. तुझी अमृता माझ्याकडं येते. तिच्यावर रागावू नकोस, रागवायचं तर माझ्यावर, तुला सवय आहे. मागच्या महिन्यात गुलमंडीत एका कापडवाल्याची पाटी शिडीवर चढून पुसत होतो. पाटी माझीच, सव्वीस वर्षांपूर्वीची. खालून एक मुलगी म्हणाली, "धम्मपाल पेंटर तुम्हीच का?" वळून बघितलं आणि तिला म्हणालो, आधी शिडी धर. आपल्या आईची हनुवटी आहे तिला. "मोठे बाबा, मी अमृता," ती म्हणाली. "पप्पांना सांगू नका." मी नुसती मान हलवली होती, वचन दिलं नव्हतं.

ती कुठं काम करते हे तुला माहीत आहे, काय करते हे तू कधी विचारलं नाहीस म्हणे. चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये सात जण मिळून विमान बनवतात. खरं नाही. डोळ्यांवर एक डबा बांधायचा, की तू वैमानिकाच्या खुर्चीत. पुढं काच, काचेपलीकडं धावपट्टी, काचेखाली घड्याळं, बटणं, खटके. वैमानिक होणारी पोरं आधी यात चुका करतात आणि मग खऱ्या विमानात बसतात. सगळं हुबेहूब आहे, फक्त वाचता काही येत नाही. बटणांची नावं, घड्याळातले आकडे, सूचनांच्या पट्ट्या, सगळं मुंग्या लागल्यासारखं वळवळतं. वाचायला माणूस पुढं वाकतो, आणि डबा घालून वाकलं की डोकं गरगरतं. दोन पोरांना तर शेडमध्येच उलटी झाली.

अक्षर मोठं करा, असं मी लगेच म्हणालो. तसं चालत नाही. खऱ्या विमानात जी पाटी जेवढी, तेवढीच इथं हवी. नाहीतर शिकणाऱ्याची नजर आणि हात खोटं शिकतील.

विमान शिकवणाऱ्या एका शाळेच्या मुख्य बाई, कॅप्टन राजनंदिनी, हे यंत्र घ्यायला तयार आहेत. अट एकच. पट्टा बांधून, पाठ टेकवून, मान पुढं न काढता त्यांना सगळी यादी वाचता आली पाहिजे. नाही आली तर शेडमधलं हे काम बंद. ते बंद म्हणजे अमृताची नोकरीही गेली. आणि तू तिला वर्षाची मुदत दिली आहेस, काही झालं नाही तर नाशिकला येऊन दुकान सांभाळायचं. मुदत फेब्रुवारीत संपते. पोरीला अक्षरं नीट करायची आहेत, आणि तिच्या ओळखीचा अक्षरवाला मी एकटाच उरलो.

आपलं फाटलं ते तुझ्या फ्लेक्सच्या मशीनवरून, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मशीन जिंकलं, कबूल. पण आता मशीनवालेच ब्रशवाल्याच्या दारात आलेत, हे तुला कळवल्याशिवाय मला घास गेला नसता.

धम्मपाल


रविवार, ८ डिसेंबर २०२४

इंद्रजीत,

उत्तर आलं नाही, पण पत्रही परत आलं नाही. म्हणजे चाललंय.

शेडचा मालक बिभीषण. गंगापूरकडचा, घरी अजून मेंढरं आहेत, स्वतः इंजिनिअर. पहिल्याच दिवशी त्यानं मला समोर बसवून सांगितलं, "काका, इथं रंग नाय. ठिपके हायेत, अन् तेबी मोजकेच. एका अक्षराच्या वाट्याला उभे सात-आठ ठिपके येतेत. तेवढ्यात काय ते बसवा." मी म्हणालो, अरे, सात ठिपक्यांत आमच्या बायका अख्खी रांगोळी काढतात. तो हसला नाही. दोन महिने हसला नसावा.

मग डबा घातला. खरं सांगतो, घाबरलो. मला पाटी बघायची तर रस्त्याच्या पलीकडं जायची सवय. म्हणून दोन पावलं मागं सरकलो, आणि खुर्चीसकट पडलो. पलीकडं जायला तिथं रस्ताच नाही. अमृता आधी हसली, मग तिनं उठवलं.

एकूण पाट्या दोनशे अकरा. मी त्या कागदावर वीतभर उंचीच्या काढल्या, ब्रशनं, एकेक. या लोकांनी त्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये घेतल्या आणि लहान केल्या. आणि हो, सावली दिली. प्रत्येक अक्षराला उजवीकडून खाली, माझी नेहमीची बारीक सावली. तुला ती कधी आवडली नाही. पण सावलीशिवाय अक्षर म्हणजे बनियनवर घोड्यावर बसलेला नवरदेव, हे माझं मत अजून तेच आहे.

काल सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावून बघितलं. शेडमधली सातही जणं उठून उभी राहिली. एकजण म्हणाला, विमान नवं कोरं वाटतंय. अमृतानं तुझ्यासारखी फक्त मान डोलावली. ११ जानेवारीला कॅप्टन बाई येणार आहेत. कळवतो.

धम्मपाल


बुधवार, १५ जानेवारी २०२५

इंद्रजीत,

तोंडावर आपटलो.

कॅप्टन बाई शनिवारी आल्या. पन्नाशीच्या, चष्मा, आवाज खणखणीत. पट्टा बांधला, पाठ टेकवली आणि वाचायला लागल्या. पहिली दहा-बारा नावं त्यांनी वाचली, आणि मी उगाच अमृताकडं बघून मिशीला हात लावला. नंतर त्या अडखळायला लागल्या. मग एक छोटी पट्टी आली. पंखाच्या मागच्या कडेला ज्या पट्ट्या खाली झुकतात, फ्लॅप म्हणतात त्यांना, त्या किती वेगापर्यंत सोडायच्या तो आकडा. इंग्रजीत एकशे तीन. बाईंनी वाचला एकशे आठ. आणि एकशे सातच्या वेगाला फ्लॅप सोडले.

यंत्रातली धोक्याची घंटा वाजली. बाईंनी डबा काढला, कुणावर चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा विद्यार्थी इथं हे चुकीचं वाचून शिकला, तर वर आकाशात पण तेच करणार. अशानं मी हे घेऊ शकत नाही." बिभीषण लई गयावया करायला लागला, तेव्हा २२ फेब्रुवारी ही शेवटची तारीख देऊन गेल्या. अमृतानं तो डबा फडक्यानं पुसला. मग पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा पुसायला लागली तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

आत येऊन डबा घातला आणि त्या पट्टीकडं बघितलं. माझ्या सावलीनं तीनचं उघडं तोंड भरून टाकलं होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर, नाकासमोर, ती सावली झकास दिसत होती. डब्यात डोकं जरा हललं की थरथरायची, आणि तीनचा आठ व्हायचा. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं, पाटी जवळून बघून पास करू नका. आणि मी स्वतः टाळ्या ऐकून जवळून पास केली.

काल नामविस्तार दिन. विद्यापीठाच्या गेटवर गेलो, दरवर्षी जातो. सगळीकडं फ्लेक्स. गर्दीत उभं राहून तेच वाचत बसलो आणि ठरवलं की तुला खोटं लिहिलेलं आता पुसायचं.

आपलं फ्लेक्सवरून फाटलं नाही. तू मशीन नंतर तीन महिन्यांनी घेतलंस. आपलं फाटलं ते सूतिकागृहाच्या पाटीवरून. तू खाली उभा राहून म्हणाला होतास, "दादा, फोन नंबरची सावली काढून टाक, तीनचा आठ दिसतोय." मी वरून म्हणालो, तू मला शिकवू नकोस. आठवड्यात डॉक्टर दुकानात आले. अडलेल्या बायकांच्या घरचे फोन कुठल्याशा पिठाच्या गिरणीत जात होते. चारचौघांत त्यांनी विचारलं, हा आकडा कुणी काढला, आणि मी तुझ्याकडं बोट केलं. लहान आहे, चुकला, असं म्हणालो. तू एकोणतीस वर्षांचा, एका पोरीचा बाप होतास. ब्रश रॉकेलमध्ये धुतलास, पुसून जागेवर ठेवलास आणि गेलास.

गल्लीला मी फ्लेक्सचं सांगितलं. सोळा वर्षं सांगत राहिलो, शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. तेव्हाही तुझंच बरोबर होतं, आत्ताही तुझंच बरोबर निघालं. फक्त या वेळी शिक्षा तुझ्या पोरीला होतेय, आणि ते मला सहन होत नाही.

धम्मपाल


रविवार, २ फेब्रुवारी २०२५

इंद्रजीत,

दोन गोष्टी झाल्या. क्रमानं सांगतो.

मागच्या पत्रानंतर मी सूतिकागृहावर गेलो. सोळा वर्षं त्या रस्त्यानं गेलो नव्हतो, खुलताबादला जायचं तरी वळसा घालून जायचो. डॉक्टर थकलेत, पण बसतात. म्हणालो, साहेब, ती चूक माझी होती, भावाची नाही. त्यांना काही आठवेना. मग म्हणाले, "अहो, दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा भाऊ आला होता की. एकटाच. शिडी आमचीच घेतली, आकडा नीट केला, चहा पण घेतला नाही." बाहेर येऊन पाटी बघितली. माझे सगळे आकडे सावलीचे, त्यात तुझा तीन एकटा बिनसावलीचा. रस्त्याच्या पलीकडं गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे माझे, पण पहिला तोच वाचता आला. तिथं एका हॉटेलाच्या बाकड्यावर बराच वेळ बसलो. लाज वाटली, आणि खरं सांगू, तुझा अभिमानही वाटला.

दुसरी गोष्ट. परवा नाशिकहून पाकीट आलं. आत पत्र नाही, जयभीम नाही. हातभर फ्लेक्सची पट्टी. शून्य ते नऊ आणि ए ते झेड, चार मापांत छापलेले. कडेला कुणाच्या तरी वाढदिवसाची अर्धी मिशी आलीय, म्हणजे उरलेल्या तुकड्यावर छापलंयस. आणि बॉलपेननं तीन ओळी: जाडी सगळीकडं सारखी. अक्षरांची पोकळ पोटं मोठी ठेव, दोन अक्षरांत श्वासापुरती जागा सोड. पांढरं काळ्यावर देऊ नको, फुटतं, दोन्ही जरा राखाडीकडं ने.

पट्टी शेडमध्ये नेली. बिभीषणनं ती भिंतीला लावली, दहा पावलं मागं गेला, पुढं आला, परत मागं गेला. "काका, हे कुणी पाठवलं हो? ह्या माणसाला ठिपके कळतेत." मी सांगायच्या आधीच अमृतानं ते बॉलपेनचं अक्षर ओळखलं होतं. तिनं नुसतं विचारलं, "पप्पांना मी इथंच राहावं असं वाटतंय का, मोठे बाबा?" मी म्हणालो, तुझ्या बापाला जे वाटतं ते तो छापून पाठवतो.

आता काम असं चाललंय. मी पुन्हा दोनशे अकरा पाट्या काढतोय, बिनसावलीच्या, तुझ्या मापानं. मी जन्मभर लांबून बघायला शिकलो, तू मोजक्या ठिपक्यांत अक्षर जगवायला शिकलास. या डब्याला दोन्ही लागतं. एकट्या मला ते जमणार नव्हतं. बिभीषणनं त्याच्या बाजूनं एक युक्ती काढली. आधी अक्षरं विमानाच्या चित्रातच मुरलेली असायची. आता तो ती वरून वेगळी बसवतो, त्यामुळं डोकं हललं तरी कडा नाचत नाहीत.

आणि तपासायला कोण, तर तुझी वहिनी. रत्नमालाला इंग्रजी मुळाक्षरं येतात, शब्द येत नाहीत. शिकलेला माणूस अर्धं अक्षर बघतो आणि उरलेलं अंदाजानं भरतो, म्हणून शेडमधल्या सगळ्यांना सगळं वाचता येत होतं. रत्नमालाला अंदाज करायला काही नाही. जे दिसतं तेच सांगते. पदर खोचून विमानात बसली आणि पहिल्याच दिवशी एकोणीस चुका काढल्या. "हा पाच हाय का यस हाय, ते एकदा ठरवा," असं बिभीषणला तोंडावर म्हणाली. बिभीषण तिला आता मॅडम म्हणतो.

वीस दिवस उरलेत.

धम्मपाल


सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

इंद्रजीत,

जिंकलो.

अमृतानं तुला फोन केला असेल, पण ती तुझ्यासारखी, तीन शब्दांत सांगून मोकळी झाली असेल. नीट ऐक.

कॅप्टन बाई शनिवारी अकराला आल्या. या वेळी सोबत एक कागद होता, त्यावर त्यांनी मुद्दाम अवघड पाट्या लिहून आणल्या होत्या. कोपऱ्यातल्या, गुडघ्याजवळच्या, दाराच्या कडीखालच्या. पट्टा बांधला, पाठ टेकवली. अमृता बाजूला वही घेऊन उभी. मी दाराजवळ, रत्नमाला माझ्याशेजारी, आणि माझ्या कोपराला तिची बोटं रुतलेली.

बाई वाचायला लागल्या. पहिली, दुसरी, दहावी, तिसावी. कुठं थांबणं नाही. मी त्यांच्या मानेकडं बघत होतो. मान एकदाही खुर्चीपासून सुटली नाही. दाराच्या कडीखालची पाटी त्यांनी वाचली तेव्हा एक पोरगा टाळी वाजवायला निघाला, बिभीषणनं त्याचा हात धरला. मग फ्लॅपची पट्टी. बाईंनी तीही पाठ टेकवूनच बघितली. मग म्हणाल्या, "एकशे तीन," आणि पुढं गेल्या.

वाचून झालं तशा त्या उडाल्या. एक फेरी मारली आणि उतरल्या. एकशे दोनला फ्लॅप सोडले, मी वहीत बघितलं. डबा काढून त्यांनी डोळे पुसले, चष्मा घातला. आम्हाला वाटलं आता काही बोलतील. त्यांनी चष्मा पुन्हा काढला, डबा पुन्हा घातला आणि कुणी सांगितलं नसताना परत उडाल्या. कागद नाही, यादी नाही. अर्धा तास शेडच्या त्या खुर्चीत बसून बाई आपल्याच नादात गोदावरीवरून फिरत होत्या, आणि सगळे हसत होते. बिभीषणसुद्धा. दात चांगले आहेत त्याचे.

खाली उतरल्यावर म्हणाल्या, "सहा संच पाठवा. आणि दोन इंजिनांच्या मोठ्या विमानाचं काम पण तुम्हीच करा." अमृता तिथंच फरशीवर बसली. रत्नमालानं तिला जवळ घेतलं आणि दोघी रडल्या. मी पण रडलो, लपवून काय करू.

मग बाईंनी विचारलं, ही अक्षरं कुणाची. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, काढली मी, पण ती माझ्या धाकट्या भावाची आहेत. नाव इंद्रजीत, नाशिकला असतो. सावली काढून टाक, असं त्यानं मला सोळा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि चूक झाली तेव्हा ती त्याच्या नावावर घातली. तो निमूट गेला, आणि जाता जाता माझी चूक दुरुस्त करून गेला. अमृताला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "पप्पांनी कधीच सांगितलं नाही." मी म्हणालो, त्यानं सांगायचं नव्हतंच, मी सांगायचं होतं. चारचौघांत तुझ्यावर घातलं होतं, म्हणून चारचौघांतच उतरवलं. माफ कर, असं या पत्रात मी सरळच लिहितो. माफ कर, इंद्रजीत.

काल ती आमच्याकडं जेवायला आली होती. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं तिनं शाळेचं ते ऑर्डरचं पत्र ठेवलं. तू लहानपणी निकाल ठेवायचास, तसं. सांगितलं कुणी तिला? कुणीच नाही.

आता व्यवहाराचं. मोठ्या विमानात पाट्या साडेआठशे आहेत. माझे हात आहेत, रत्नमालाचे डोळे आहेत. पण खाली उभं राहून "दादा, हे काढ" म्हणणारं कुणी नाही, आणि त्यावाचून मी काय करतो ते आपण दोघांनी दोनदा बघितलंय. बिभीषणनं तुझ्यासाठी टेबल रिकामं केलंय. नाशिकचं दुकान महिनाभर माणसांवर सोडता येतं, हे मला माहीत आहे, मी अमृताला विचारलंय.

तू पोरीला वर्षाची मुदत दिली होतीस. ती आज संपली. अमृता नाशिकला येणार नाही. तेव्हा आता यायचं ते तुलाच, आणि मुदत मी देणार. पंधरा दिवस.

दादा